चावा लपवणारा माणूस

भाचा पटकथा लिहितो. सध्या हातात एका ओटीटी मालिकेचं काम आहे : पावसाळ्यात घाट बंद पडल्याने तुटलेलं तालुक्याचं गाव आणि त्यात पसरणारी झॉम्बींची साथ. मावशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवून निवृत्त झाली आहे. साथरोग हा तिचा आयुष्यभराचा विषय. ‘विज्ञान तेवढं तपासून दे’ म्हणून भाच्याने पहिल्या दोन भागांची संहिता तिच्याकडे दिली. तिने ती तपासली, आणि मग जे बोलणं झालं ते असं.

मावशी : संवाद छान लिहितोस. पण पहिल्याच पानावर माझं तुझं बिनसलं. संध्याकाळी सहाला मेलेला माणूस रात्री दहाला उठून पळतो म्हणे.

भाचा : झॉम्बी आहे तो, मावशी. उठणारच.

मावशी : उठेल कशाच्या जोरावर? स्नायू आखडायला एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, लागतं आणि सैल व्हायलाही एटीपीच लागतं. श्वास थांबला की ते बनायचं थांबतं. म्हणून मेल्यावर दोन-चार तासांत जबडा आणि मान ताठायला लागते, बारा तासांत सगळं शरीर ताठतं. तुझा माणूस नेमका त्याच वेळी शर्यत लावतोय. दीड-दोन दिवसांनी ताठरपणा सुटतो खरा, पण तो स्नायू कुजायला लागतात म्हणून. त्यात तुझ्या गोष्टीत पावसाळा. त्या हवेत आठवडाभरात माश्यांच्या अळ्यांनी तुझी सगळी फौज फस्त केली असती. लष्कर कशाला बोलावलंस?

भाचा : बरं, मेलेला नको. आजारी करू. डॅनी बॉयलने २००२ मध्ये ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये तेच केलं. त्यातली माणसं मेलेली नाहीत, ‘रेज’ नावाच्या विषाणूने पिसाळलेली आहेत.

मावशी : पाहिलाय मी तो. त्यातल्या त्यात प्रामाणिक चित्रपट. खाणंपिणं सोडलेली माणसं शेवटी उपासमारीने मरतात, एवढा हिशेब तरी त्याने ठेवला. पण संसर्ग झाल्यावर काही सेकंदांत माणूस पालटतो, ते कसं? विषाणूला पेशीत शिरायचं असतं, स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, त्या दुसऱ्या पेशींपर्यंत पोचवायच्या असतात. याला दिवस लागतात. सेकंदांत काम करतं ते विष.

भाचा : तू रोग तपासतेयस, मावशी. झॉम्बी मुळात रोग नव्हताच.

मावशी : मग काय होता?

भाचा : मजूर. सुरुवात कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत आहे. अठराव्या शतकात तिथे सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा मोठा वाटा तिथून जायचा. १७८९ च्या सुमारास तिथे जवळपास ५ लाख गुलाम होते. आफ्रिकेतून आणलेली माणसं उसाच्या मळ्यात इतक्या लवकर मरायची की मालक जहाजं भरभरून नवी माणसं आणत राहायचे. या लोकांना एका गोष्टीचा आधार होता : मेलं की आत्मा समुद्रापलीकडे गिनीला, पूर्वजांच्या मुलखात परत जातो. आता अशा माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटेल, सांग.

मावशी : मेल्यावरही सुटका न होण्याची.

भाचा : अगदी. तिथल्या समजुतीप्रमाणे बोकोर, म्हणजे करणी करणारा मांत्रिक, थडग्यातून माणूस उठवतो, त्याचा आत्मा काढून कोंडून ठेवतो आणि उरलेल्या देहाला राबवून घेतो. या देहाला अळणी जेवण द्यायचं. चुकून मिठाची चव लागली तर त्याला आपण कोण होतो ते आठवतं आणि तो तडक आपल्या थडग्याकडे चालायला लागतो.

मावशी : गंमत आहे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे मालकाशी इमान राखायचं. तिथे मीठ खाल्लं की मालकाच्या तावडीतून सुटका.

भाचा : १७९१ ला गुलामांनी बंड केलं, १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला, तरी ही भीती गेली नाही. तिथल्या दंडसंहितेच्या २४६ व्या कलमात, माणसाला मेल्यासारखी गुंगी आणणारं द्रव्य देणं म्हणजे विषप्रयोगच, आणि त्या अवस्थेत त्याला पुरलं तर तो खून, असं घातलं गेलं. या मूळ गोष्टीतला झॉम्बी कोणाला चावत नाही, कोणाचा मेंदू खात नाही. लोक झॉम्बीला घाबरत नव्हते, आपला झॉम्बी होईल याला घाबरत होते.

मावशी : त्या गुंगीच्या औषधाची गोष्ट माझ्या परिचयाची आहे. क्लेअरव्हियस नार्सिस नावाचा माणूस १९६२ मध्ये तिथल्या एका रुग्णालयात मेला, पुरला गेला, आणि १९८० मध्ये बहिणीसमोर येऊन उभा राहिला. वेड डेव्हिस नावाच्या हार्वर्डच्या वनस्पतिशास्त्राच्या संशोधकाने त्याचा माग काढला. १९८५ च्या पुस्तकात त्याने म्हटलं की बोकोरच्या भुकटीत फुगणाऱ्या माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, असतं. विष खरंच तसं आहे. ते मज्जातंतूंच्या पेशींतले सोडियमचे मार्ग बंद करतं. हात हलत नाही, श्वास लागेल न लागेल इतका मंद, आणि माणूस आतून शुद्धीवर असू शकतो. पण इतर शास्त्रज्ञांनी त्या भुकटीचे नमुने तपासले तेव्हा त्यात विष जेमतेम, नसल्यातच जमा निघालं. आणि असलं तरी ते काही तासांचं काम. विषबाधेतून वाचलेला माणूस बरा होतो, वर्षानुवर्षं मुकाट ऊस तोडत नाही.

भाचा : मग तिथे दिसणारे झॉम्बी कोण?

मावशी : त्याचा शोध १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लिटलवुड आणि दुयों या दोघांनी झॉम्बी म्हणून ओळखल्या गेलेल्या तिघांची तपासणी केली. एकीला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार, एकाच्या मेंदूला इजा आणि फिट्स, एकीची बुद्धी जन्मतः मंद. जनुकीय तपासणीत दोघांचं ‘आमचं माणूस परत आलं’ म्हणणाऱ्या घराशी नातंच निघालं नाही. भटकत आलेला आजारी माणूस, आणि आपलं गेलेलं माणूस शोधणारं घर. मला यात कुठे राक्षस दिसत नाही.

भाचा : तेच म्हणतोय. राक्षस नंतर बनवला, आणि तो बनवणारे परके होते. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजा हैतीत होत्या. रस्ते बांधायला त्यांनी गावकऱ्यांना वेठीला धरलं. त्याच काळात विल्यम सीब्रुक नावाचा अमेरिकी प्रवासी तिथे गेला आणि १९२९ मध्ये त्याने ‘द मॅजिक आयलंड’ लिहिलं. अमेरिकी मालकीच्या साखर कंपनीसाठी राबणाऱ्या झॉम्बींची गोष्ट त्यात आहे. तिथून तीन वर्षांत, १९३२ ला, बेला लुगोसीचा ‘व्हाइट झॉम्बी’ आला. त्यातलं गाळपाचं दृश्य बघ कधीतरी. डोक्यावर उसाच्या टोपल्या घेतलेली माणसं रांगेने येतात आणि ऊस वरून यंत्रात ओततात. एकाचा तोल जातो, तो सरळ आत पडतो. कोणी ओरडत नाही, मान वळवत नाही, चाक थांबत नाही. पुढचा माणूस टोपली रिकामी करतो. संगीतसुद्धा नाही, नुसता चरकाचा कुरकुर आवाज. गुलामगिरीबद्दल हॉलिवूडने त्या काळात केलेलं हे सगळ्यात खरं चित्रण असेल, आणि बहुधा नकळत केलेलं.

मावशी : मग चावणारा झॉम्बी आला कुठून?

भाचा : पिट्सबर्गहून. जॉर्ज रोमेरो तिथे जाहिरातपट करायचा. मित्रांकडून पैसे जमवून त्याने १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. बीज त्याने रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय ॲम लेजंड’ या १९५४ च्या कादंबरीतून घेतलं. तिथे रक्तपिपासू पिशाच्चांची जमात जिवाणूमुळे तयार झालेली असते. म्हणजे बघ, पिशाच्चाला साथीचा रोग बनवणारा माणूस मॅथेसन. रोमेरोने पिशाच्च काढून तिथे नुसती प्रेतं ठेवली. अख्ख्या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द नाही. कारण म्हणून शुक्रावरून परतलेल्या यानाच्या किरणोत्साराचा उल्लेख येतो, तोही बातम्यांमधून, अर्धवट. पुढे प्रत्येक पिढीने कारण तेवढं बदललं. १९९६ च्या ‘रेसिडेंट इव्हिल’ या व्हिडिओ गेममध्ये कंपनीच्या प्रयोगशाळेतला विषाणू, २००२ ला रेज, २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये बुरशी. आपल्याकडे २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’मध्ये पार्टीतलं अमली औषध. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’त डोंबिवलीतलं उंच गृहसंकुल, शेजारची वस्ती आणि पाणी. ज्या पिढीला ज्याची धास्ती, ते तिचं कारण.

मावशी : म्हणजे मालक गेला, मळा गेला, राबणारा तेवढा उरला आणि तो आता शत्रू झाला.

भाचा : हो. आणि आपल्याकडे हा प्राणी आयात करावा लागला, कारण आपण जाळतो. देहच उरत नाही, त्यामुळे आपली भुतं बिनदेहाची : मुंजा, हडळ, खवीस.

मावशी : वेताळ विसरलास. तो तर प्रेतातच शिरतो. पण तो विक्रमाला कोडी घालतो, न्याय विचारतो. गोव्यात, तळकोकणात तर तो देवळात बसलाय आणि गावाची राखण करतो. मेलेल्याच्या तोंडून बोलणारा आपण कल्पिला, तुमच्या झॉम्बीला वाचाच नाही. आणि ज्याला वाचा नाही त्याला मारताना विचारावं लागत नाही. माझा खरा आक्षेप तिथे आहे, पण त्यावर नंतर येते. आधी तुझी बुरशी. दुसऱ्या भागात मुंगीवरची बुरशी माणसात आणलीयेस.

भाचा : ती तरी खरी आहे की! ओफिओकॉर्डिसेप्स. मुंगीचा ताबा घेते.

मावशी : खरी आहे, आणि तुझ्या गोष्टीपेक्षा जास्त अंगावर येणारी आहे. उष्ण प्रदेशातल्या जंगलात सुतार मुंगीच्या अंगावर बीजाणू पडतो, कवच भेदून आत जातो. काही दिवसांनी मुंगी वारूळ सोडते. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर पानाच्या खालच्या बाजूला जाते, मधल्या शिरेत जबडा रोवते आणि तिथेच मरते. जबडा सुटत नाही. मग मानेच्या मागून बुरशीचा देठ फुटतो आणि बीजाणू खालच्या वाटेवरच्या मुंग्यांवर पडतात. २०१७ मध्ये अशा मुंग्यांचे सूक्ष्म छेद घेऊन पाहिले तेव्हा बुरशी सगळ्या शरीरभर स्नायूंच्या धाग्यांभोवती जाळं विणून बसलेली होती, मेंदूत मात्र नव्हती. डोकं मुंगीचं, पाय दुसऱ्याचे.

भाचा : हे लिहून घेतो.

मावशी : घे, पण पुढचंही घे. ही बुरशी एकेका जातीच्या मुंगीला हजारो-लाखो वर्षांत जुळवून घेतलेली. एका मुंगीवरची दुसऱ्या मुंगीवर नीट चालत नाही, माणसाची गोष्ट दूरच. बहुतेक बुरश्यांना आपलं ३७ अंशांचं अंगच सोसत नाही. आणि तिची चुलत बहीण हिमालयात सुरवंटावर उगवते. उत्तराखंडात तिला कीडाजडी म्हणतात, लोक ती सोन्याच्या भावाने विकत घेऊन खातात. आजवर कोणी छपरावर चढून दात रोवलेले नाहीत.

भाचा : तरी गणित तर माझ्या बाजूचं आहे. २००९ मध्ये कॅनडातल्या गणितज्ञांनी झॉम्बींच्या साथीचं प्रारूप मांडलं. त्यांच्या उत्तराप्रमाणे लगेच आणि वारंवार जोरदार हल्ला केला नाही तर मानवजात संपते.

मावशी : त्यामागचं गणित मूळ कोणत्या साथीवर पडताळलं, माहितीये? मुंबईच्या.

भाचा : काय सांगतेस?

मावशी : निरोगी, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले, असे लोकांचे तीन गट करून साथीचा आलेख काढायची पद्धत कर्मॅक आणि मकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये एडिंबरोहून मांडली. कर्मॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेला रसायनशास्त्रज्ञ. मकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. तिथे मुख्य काम कोणतं? पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांना लस देणं. त्यांनी आपलं समीकरण पडताळून पाहिलं ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने झालेल्या मृत्यूंवर. आठवड्या-आठवड्याचे आकडे त्या वक्ररेषेवर अगदी चपखल बसले.

भाचा : मग झालं तर! मुंबईच्या प्लेगला लागू पडतं ते माझ्या गावाला का नाही?

मावशी : कारण गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे पसरतच नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमधून यायचा. समीकरणात ना उंदीर, ना पिसू, आणि तरी आलेख जुळला. आलेख जुळला म्हणजे गोष्ट खरी ठरली असं नसतं, हे मी दर वर्षी पोरांना याच उदाहरणाने शिकवायचे. तुझ्या कॅनडावाल्यांनी तर मेलेलेही पुन्हा बाधित होऊन परत येतील असं गृहीत धरलं. गृहीतच तसं धरलं की मानवजात संपणारच.

भाचा : आणि चाव्याने रोग पसरणं?

मावशी : फार अडाणी मार्ग. गोवर हवेतून जातो. तो एका रुग्णाकडून, लस नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांपर्यंत पोचतो. चावायला गाठावं लागतं, धरावं लागतं, आणि समोरचा दार लावून घेऊ शकतो. शिवाय तुझा रुग्ण शंभर पावलांवरून ओळखू येतो. २००३ मध्ये सार्स सुमारे आठ हजार रुग्णांवर रोखता आला, कारण तो मुख्यतः ताप चढल्यावर, माणूस आजारी दिसत असताना पसरायचा. कोविड हाताबाहेर गेला, कारण धडधाकट दिसणारा माणूसही तो वाटत फिरायचा. रोग जितका भेसूर दिसतो, तितका तो अडवणं सोपं.

भाचा : रेबीजचं काय? तो चाव्यानेच येतो.

मावशी : कुत्र्याच्या चाव्याने. माणसाने चावून माणसाला झाल्याची पक्की नोंद सापडणं मुश्कील. अवयव किंवा डोळ्याचं बुबुळ बसवल्यातून झाल्याच्या मात्र नोंदी आहेत. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो, त्याला बहुधा महिना ते तीन महिने लागतात. लक्षणं दिसली की माणूस काही दिवसांत जातो, वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि तो रुग्ण सहसा कोणाच्या अंगावर धावून जात नाही. मध्ये मध्ये तो पूर्ण भानावर असतो, हे बघणं सगळ्यात अवघड.

भाचा : ठीक. विज्ञानात मी हरलो. पण मला एक सांग. प्रत्येक झॉम्बीपटात एक माणूस असतो. चावा बसलेला, बाही खाली ओढलेली, ‘काही नाही, खरचटलंय’ म्हणणारा. तोही खोटा?

मावशी : नाही. तो खरा आहे. सगळ्या प्रकारात तोच एक खरा आहे.

भाचा : इतक्या पटकन मान्य?

मावशी : कारण तो मी पाहिलाय. इंटर्नशिपमध्ये असताना संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा. आईने पेला पुढे केला, त्याला तहान होती, त्याने हात पुढे केला, आणि पेला तोंडाजवळ येताच गळ्याचे स्नायू असे आवळले की श्वास अडकला. पंख्याचा झोत अंगावर आला तरी तेच. आम्ही पंखा बंद केला. तो शांत झाला आणि नीट, स्पष्ट बोलला. कुत्रं चावल्याचं त्याने दोन महिने घरी सांगितलं नव्हतं. त्याला त्या बाजूला खेळायला जायची बंदी होती. बापाचा मार बसेल म्हणून पोटरीवर माती लावून तो गप्प बसला. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली असती, वेळेवर लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन मिळालं असतं, तर तो आज पन्नाशीत असता. चावल्यानंतर देऊनही उपयोगी पडणारी लस आहे ती. १८८५ पासून आहे. फक्त चावलंय हे कोणीतरी सांगावं लागतं.

भाचा : म्हणजे तो कुत्र्याने मेला की मारण्याच्या धाकाने?

मावशी : नोंदीत रेबीज लिहिलं. आता हेच शहराएवढं करून बघ. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने घरोघर गोरे सोल्जर घातले. देवघरात बूट, बायकांची उघड्यावर तपासणी, रुग्णाला उचलून इस्पितळात, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, सामानाची होळी. लोकांनी काय केलं? रुग्ण दडवले, मृत्यूसुद्धा लपवले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, ते सगळ्यांना पाठ आहे. पण लपवलेले रुग्ण हा माझ्या विषयातला धडा आहे. सांगितलं तर जे होतं ते रोगापेक्षा भयंकर वाटलं, की लोक सांगत नाहीत. मग साथीचे आकडेच खोटे होतात.

भाचा : मावशी, तू रोमेरोचाच पुढचा चित्रपट सांगतेयस! १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’. सुरुवातीलाच फिलाडेल्फियातल्या गरिबांच्या इमारतीवर पोलिसांची धाड पडते. सरकारचा हुकूम असतो की मृतदेह ताब्यात द्या. लोक देत नाहीत, त्यांनी आपली माणसं तळघरात कोंडून ठेवलेली असतात. पोलिसांतला एकजण दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतो.

मावशी : हे मला माहीत नव्हतं. हे पुण्याच्या फार जवळ जातं.

भाचा : आणि पहिल्या चित्रपटाचा शेवट आठव. रात्रभर सगळ्यांना सांभाळणारा बेन, कृष्णवर्णीय नट ड्युएन जोन्स, सकाळी खिडकीशी येतो. बाहेर बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी आहे. लांबूनच त्याला झॉम्बी समजून गोळी घालतात आणि आकड्याने ओढत सरणावर टाकतात. त्याला वाचा होती. कोणी विचारलं नाही. म्हणून म्हणतो, ही गोष्ट रोगाची नाहीच. ज्याच्याशी काहीही केलं तरी चालतं असा माणूस कसा ठरवला जातो, त्याची आहे. हैतीत तो उसाच्या मळ्यात होता, पुढे तो खिडकीबाहेर गेला.

मावशी : रोमेरोला हे कळत होतं, कबूल. त्याच्या मागून आलेल्या बहुतेकांनी चावा तेवढा उचलला. आता मघाशी राखून ठेवलेला आक्षेप घे. तुमच्या चित्रपटांत चावा लपवणारा नेहमी स्वार्थी, भित्रा असतो. तो उलटतो, दोघांना खातो, आणि प्रेक्षक म्हणतो, याला आधीच मारायला हवं होतं. तो का लपवतो, हे कोणी विचारत नाही. उत्तर तर समोर असतं : मागच्याच प्रसंगात खरं सांगणाऱ्याला नायकाने डोक्यात गोळी घातलेली असते. असे दोन तास बघून उठलेल्या प्रेक्षकाच्या मनात रुग्ण आणि शत्रू एका जागी बसतात. २०२० मध्ये बाधितांच्या दारावर फलक लागले, सोसायट्यांनी परिचारिकांना घरी येऊ दिलं नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

भाचा : त्याचं खापर चित्रपटावर कशाला? महारोग्यांना गावाबाहेर काढताना कोणी रोमेरो पाहिला होता? उलट झॉम्बीचा उपयोग तुमच्याच लोकांनी केला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०११ मध्ये झॉम्बींच्या निमित्ताने आपत्तीची तयारी कशी करावी ते लिहिलं, तर त्यांचं संकेतस्थळ गर्दीने कोसळलं. पाणी साठवा, औषधं ठेवा, घरच्यांनी भेटायची जागा ठरवा. एरवी हे कोण वाचतं?

मावशी : वाचलं ते चांगलंच झालं. पण त्या यादीत शेजाऱ्याचं काय करायचं ते होतं का? त्याच १८९७ साली सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा यशवंत हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. सावित्रीबाई १० मार्चला प्लेगनेच गेल्या. साथीत समाज दोन दिवसांत कोसळतो, माणूस माणसाला फाडतो, हे तुमचं गृहीत मला त्या प्रेतांच्या धावण्याइतकंच अशक्य वाटतं. साथीत पळणारे असतात, लपवणारे असतात, आणि तिथे जाऊन पाणी पाजणारेही दर वेळी असतात. तुमच्या पडद्यावर पहिले दोनच दिसतात.

भाचा : कारण पाणी पाजणाऱ्याची गोष्ट वीस मिनिटांत संपते. चावा बसला, दवाखान्यात गेला, लस घेतली, घरी आला. यावर कोण आठ भाग करील?

मावशी : तू चुकीच्या ठिकाणी गोष्ट शोधतोयस. गावात एक दवाखाना आहे, तिथे उपाय आहे, पण तो पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो. बाहेर तलाठी, पोलीस, आमदाराचे कार्यकर्ते आणि बंदूकवाले शिकारी आहेत. चावा बसलेली माणसं घरोघर दडलीत. त्यांनी दवाखान्यापर्यंत यावं म्हणून डॉक्टरीण काय काय करते? कोणाला वचन देते, आणि ते वचन पोलीसपाटील मोडतो तेव्हा काय होतं? यात तुला आठ भाग पुरायचे नाहीत.

भाचा : प्रेतं उठायची ती राहू देत?

मावशी : राहू देत. त्यावर मी तांबडी पेन्सिल मारली आहे, ती तू खोडणार, मला ठाऊक आहे. पण श्रेयनामावलीत वैद्यकीय सल्लागार म्हणून माझं नाव हवं असेल, तर चावा सांगायला आलेल्या माणसाला पहिल्या भागात कोणी गोळी घालायची नाही.

भाचा : आणि दुसऱ्या भागात घातली तर? निर्माते ऐकायचे नाहीत, मावशी.

मावशी : घाल. मग तिसऱ्या भागात दवाखान्याच्या बाकावर कोणी नसेल आणि चौथ्यात रुग्ण दुप्पट झाले असतील, एवढं प्रामाणिकपणे दाखव. ते दाखवणार असशील तर माझं नाव खुशाल टाक.